ठेवलेली गाडी

रस्त्याकडेला महिनोन्‌महिने न हललेल्या गाडीवर महापालिका नोटीस चिकटवते, तेव्हा तिला ‘बेवारस वाहन’ म्हणते. मला हा शब्द खटकतो. अशा कितीतरी गाड्यांना वारस असतात, कधीकधी गरजेपेक्षा जास्तच.

नाशिकहून मुंबईकडे निघालं की हायवेला गॅरेजं आणि भंगारवाल्यांची रांग लागते. गेल्या पावसाळ्यात तिथल्याच एका पत्र्याच्या कुंपणामागे मला दोन प्रीमियर पद्मिनी आणि एक कॉन्टेसा दिसली. कॉन्टेसा म्हणजे भारताची मसल कार, असं इन्स्टाग्रामवर लिहितात. हे जरा प्रेमापोटीच. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये ती आणली ती ब्रिटनच्या वॉक्सहॉलच्या जुन्या मॉडेलवरून, आणि सुरुवातीला त्या लांबलचक बॉनेटखाली अँबॅसिडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं आलं, तेव्हा कुठे तिच्यात जीव आला. पण ते चार गोल दिव्यांचं रुंद तोंड! इथे त्यातले दोन गायब होते, दारांच्या कडा गंजून जाळी झालेली आणि मागच्या सीटमधून गवत वर आलेलं.

“काका, विकायची आहे का?”

“नाही. वडिलांची आहे. ठेवलीय.”

आरसी बुक अजून वडिलांच्याच नावावर, आणि भावांच्या सह्या व्हायच्यात.

सतराव्या शतकातला इंग्रज विचारवंत जॉन लॉक म्हणायचा की मालकी श्रमातून येते, आणि तिला मर्यादाही असते: वापरण्याआधी सडून जाईल इतकं घेतलंत, तर तो वाटा दुसऱ्यांचा. तो फळं आणि हरणाच्या मांसाबद्दल बोलत होता. पत्रा सडायला जास्त वेळ लागतो, इतकंच. या हिशेबाने काकांचा हक्क केव्हाच संपला, आणि गाडी माझ्यासारख्याला मिळायला हवी.

पण मी तिचं काय केलं असतं? मेटॅलिक रंग, अलॉय व्हील्स, नवं इंजिन. केंद्राच्या २०२१च्या नियमांत विंटेज ठरायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे मी ‘वाचवलेली’ गाडी त्यात बसलीच नसती. मला तिचा आकार हवा होता. काकांना ती चालवणारा माणूस. त्यामुळे न विकण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे.

मान्य नाही ते तिला पावसात सोडणं. ‘ठेवलीय’ आणि ‘सांभाळलीय’ यांत आपली भाषा फरक करते. (आमच्या ऑफिसात जुन्या कोडला कुणी हात लावत नाही, पण निदान बॅकअप तरी घेतात.) टाकीतलं पेट्रोल काढायचं, बॅटरी सोडवायची, गाडी ठोकळ्यांवर चढवायची, वर हवा खेळेल अशी ताडपत्री. यातल्या कशालाही भावांच्या सह्या लागत नाहीत. तेवढंही न करता वडिलांचं नाव पुढे करणं मला पटत नाही.

कॉन्टेसाचं उत्पादन २००२ मध्ये थांबलं. १९८४ची गाडी पन्नाशी गाठेल २०३४ मध्ये. पंधराव्या वर्षी फेरनोंदणी, पन्नाशीनंतर मान. मधली पस्तीस वर्षं बऱ्याच गाड्या अशाच कुठल्यातरी पत्र्यामागे काढतात.