अक्षर मागणाऱ्या आया

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात सकाळी तीन-साडेतीन वर्षांची मुलं शाळेला निघतात. काही शाळेच्या गाडीतून, काही आजोबांच्या स्कुटरवर पुढे उभी राहून, काही आईचं बोट धरून गल्लीतल्याच अंगणवाडीत. दुपारी परतली की दारातच विचारणा होते, “आज काय लिहिलंस? वही दाखव.” सकाळभरात मुलाने काय पाहिलं, कुणाशी भांडला, कुणाशी गट्टी झाली, हे विचारणारी घरं थोडी. वहीत ‘अ’ची ओळ दिसली की आईचा जीव भांड्यात पडतो. नुसता खेळून आला म्हटलं की तिच्या कपाळावर आठी पडते.

बालशिक्षणाची कळकळ असणारी माणसं या आईवर रागावतात. तिला समजत नाही, तिला घाई झाली आहे, असं त्यांना वाटतं. मला तिचा राग येत नाही, कारण तिच्या प्रश्नामागे या मुलखाचा मोठा इतिहास उभा आहे. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण इथून शेजारच्या खटाव तालुक्यात. सावित्रीबाईंचं नायगाव याच सातारा जिल्ह्यात. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या या जोडप्याची मुळं इथल्या मातीत आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली तीही याच जिल्ह्यात, कराडजवळच्या काले गावी. अक्षर नसल्यामुळे काय काय गेलं, हे इथल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय ते न कळता आजीने अंगठा उमटवला असेल, तर नात तिसऱ्या वर्षी ‘अ’ गिरवते हे पाहून त्या घराला समाधान वाटणारच. त्या समाधानाला नावं ठेवून बालकेंद्री शिक्षणाची गोष्ट सुरू करता येणार नाही.

ही गोष्ट मुळात सुरू झाली तीही अशाच आयांमुळे. रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामकरी वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसरी यांचं पहिलं बालगृह उघडलं. आईबाप कामावर गेले की मुलं जिन्यांत हुंदडत, भिंती खराब करत, म्हणून इमारतींच्या मालकांना ती एका खोलीत सांभाळायला हवी होती. मॉन्टेसरी पेशाने डॉक्टर. सहा वर्षांआधी लिहायला-वाचायला शिकवू नये, हा त्या काळचा सर्वमान्य समज त्यांचाही होता. त्यांनी मुलांना दिलं होतं ते दट्ट्यांचे ठोकळे, बटणं लावायच्या चौकटी, हात धुणं, टेबल पुसणं असलं काम. काही महिन्यांनी काही आया त्यांच्याकडे आल्या. त्यांतल्या बहुतेक निरक्षर. त्यांचं म्हणणं, आमच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवा. मॉन्टेसरी आधी नाखूश होत्या, पण अखेर त्यांनी ते ऐकलं.

मला या प्रसंगात सगळ्या विषयाचं मर्म दिसतं. मॉन्टेसरींनी आयांची मागणी मान्य केली, मात्र ती पुरी करायची वाट त्यांनी मुलांना विचारून ठरवली. विचारून म्हणजे तोंडाने नव्हे, मुलांच्या हातांकडे दिवसेंदिवस पाहून. त्यांनी पॉलिश पेपरमधून अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मूल त्यांवरून बोट फिरवायचं आणि त्याच वेळी अक्षराचा उच्चार करायचं. दुसरीकडे धातूच्या आकारांभोवती पेन्सिल फिरवून आतला भाग रेघांनी भरायचा. हात तयार होत होता, कान तयार होत होता, आणि ‘लिही’ असं कुणी म्हणत नव्हतं. पुढे डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर पाच वर्षांच्या एका मुलाला त्यांनी खडू देऊन समोरचं धुराडं काढायला सांगितलं. त्याने ते फरशीवर काढलं आणि मग कुणीही न सांगता शेजारी शब्द लिहिला. मग दुसरा, मग तिसरा. आपल्याला लिहिता येतं या शोधाने तो ओरडायलाच लागला. पाठोपाठ बाकीची मुलं जमिनीवर, दारांवर लिहीत सुटली.

म्हणजे ‘बालकेंद्री शिक्षणात अक्षरं उशिरा येतात’ ही समजूत खरी नाही. अक्षरं आली, लवकरही आली. ती आली तेव्हा मुलाच्या हातात त्यांच्यासाठी जागा तयार होती, एवढंच.

हात तयार होणं ही शब्दशः शरीराची गोष्ट आहे. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती बहुतेक नुसती कूर्चा असतात. तिसऱ्या वर्षाच्या आसपास त्यांतल्या साधारण तिनांतच हाड धरायला सुरुवात झालेली असते, आणि शेवटच्या हाडाची पाळी आठव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान येते. बोटांचे बारीक स्नायूही या काळात मोठ्या हालचालींच्या मागून येत असतात. अशा हाताला चार रेघी वहीतल्या अरुंद पट्टीत ‘क्ष’ बसवायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, जीभ बाहेर काढतं, खांदा वर उचलतं. आपण त्याला आळशी म्हणतो. ते बिचारं सगळ्या अंगाने लिहीत असतं.

मग रहिमतपुरातल्या मुलाच्या हाताला काय द्यावं? महागडं लाकडी साहित्य मागवायची गरज नाही, हे महाराष्ट्रात फार पूर्वी सिद्ध झालं आहे. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरच्या बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि त्यानंतर जिद्दीने शिकलेल्या. या दोघींनी मॉन्टेसरींचं तत्त्व घेतलं आणि साहित्य रानातून आणलं. बिया, शिंपले, खडे, पानं, काड्या. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. धाकट्या भावंडाला काखेत घेऊन फिरणाऱ्या मुलीला शिकता यावं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. मुलाला केंद्रस्थानी ठेवणं म्हणजे त्याच्या काखेतलं भावंडसुद्धा विचारात घेणं, इतका व्यवहारी अर्थ त्यांनी या कल्पनेला दिला. त्यानंतर या विषयावर जाड पुस्तकं पुष्कळ आली, पण इतका स्वच्छ विचार क्वचित दिसला.

रहिमतपूर कोरेगाव तालुक्यात आहे आणि या तालुक्याचा वाघ्या घेवडा नावाजलेला. दाण्यावर वाघासारखे तांबडे पट्टे. भौगोलिक मानांकन मिळालेलं हे पीक आहे. मूठभर दाणे सुपात ओतून चार वर्षांच्या मुलापुढे ठेवावेत. दाणा उचलायला अंगठा आणि तर्जनी ज्या चिमटीत येतात, तीच चिमटी उद्या पेन्सिल धरणार आहे. मूल आधी ते नुसते हाताखालून सरकू देतं, आवाज ऐकतं. मग वेगळे काढायला लागतं. कधी पट्ट्यांवरून, कधी लहान-मोठ्यावरून, कधी आपल्याला अजिबात न कळणाऱ्या कारणावरून. मग रांग लावतं आणि सांगतं, ही आगगाडी. इथे मोठ्या माणसाची जीभ शिवशिवते. “अरे, रंगाप्रमाणे लाव ना!” असं तोंडातून निघतंच. आणि मुलाचं स्वतःचं काम तिथे संपतं. पुढचं काम आपलं असतं, मूल फक्त आपला हुकूम पाळतं.

या दाण्यांतून आणखी काही दिसतं. सहा-सहा दाण्यांच्या दोन रांगा समोरासमोर लावा आणि मुलाकडून दोन्ही सारख्या आहेत हे कबूल करून घ्या. मग त्याच्यादेखत एका रांगेतले दाणे लांब-लांब पसरा. चार वर्षांची बहुतेक मुलं म्हणतील, पसरलेल्या रांगेत जास्त आहेत. जाँ पियाजे या स्विस संशोधकाने मुलांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करताना हे दाखवून दिलं. हेच मूल एक ते शंभर न चुकता म्हणून दाखवत असेल आणि पाहुण्यांकडून शाबासकीही मिळवत असेल. शंभरपर्यंतची घोकणी आणि ‘सहा’ची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट सांगून येत नाही. दाणे पुष्कळदा पसरावे, गोळा करावे, वाटून द्यावे लागतात.

पण घेवड्याचा दाणा मुलाच्या नाकातही जाऊ शकतो, म्हणून अंगणवाडीताई समोर बसलेली हवी. मला ही अडचण महत्त्वाची वाटते, कारण मूल काय करतंय ते न टोकता, न हलता पाहत राहणं हेच बालकेंद्री शिक्षणातलं सर्वांत अवघड काम आहे. भिंती रंगवता येतात, खेळणी विकत आणता येतात. पाहणं शिकावं लागतं. त्यासाठी वेळ लागतो, आणि वर्गात मुलं मोजकी लागतात.

अंगणवाडीताईला तो वेळ आहे का? अंगणवाड्या ज्या योजनेखाली चालतात ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात सुरू झाली. तिच्या सहा सेवांमध्ये शालेयपूर्व शिक्षण एक आहे. उरलेल्या पाच म्हणजे पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि आरोग्य-पोषण शिक्षण. त्यांचं महत्त्व मी कमी लेखत नाही. उपाशी मूल दाणे निवडत नाही. पण वजनं, गृहभेटी, रजिस्टरं आणि आता मोबाइलवर भरायची माहिती यांत ताईची सकाळ संपते, आणि ताराबाईंच्या अंगणातल्या शाळेतून आलेलं ‘अंगणवाडी’ हे नाव खिचडीच्या भांड्याशी येऊन थांबतं. मग आई म्हणते, तिथे काही शिकवत नाहीत, आणि कर्ज काढून इंग्रजी नावाच्या शाळेची फी भरते. तिथे निदान वही तरी भरते.

अक्षराची भूक आणि मुलाची वाट एकत्र आणणारं काम याच जिल्ह्यात झालं आहे. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या. त्या साठच्या दशकात फलटणला आल्या आणि इथल्याच झाल्या. दलित वस्तीतली मुलं शाळेत जाऊनही वाचायला शिकत नाहीत हे पाहून त्यांनी वाचनवर्ग घेतले, आणि पुढे फलटणला कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. त्यांच्या पद्धतीत सगळी मुळाक्षरं ओळीने आधी पाठ करायची नसतात. थोडी अक्षरं, एखाद-दुसरी स्वरचिन्हं अशी निवडून घ्यायची की लगेच अर्थ असलेले शब्द हाती लागावेत. शब्द मुलाच्या तोंडातले. मुलाने सांगितलेली गोष्ट बाईंनी लिहून घ्यायची आणि तीच त्याला वाचायला द्यायची. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटातल्या जिल्हा परिषद शाळांनीही जमिनीवर बसून, वस्तू हाताळत शिकण्याचं जे काम केलं, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. घरी बोललं जाणारं “आलं काढायला गेल्ती मम्मी” हे वाक्य फळ्यावर जसंच्या तसं आलं, तर त्या मुलाला वाचन परकं वाटणार नाही. आलं काढायचा हंगाम, ऊसतोड, स्टेशनावरची गाडी, गावातली रणदुल्लाखानाची कबर. रहिमतपूरच्या मुलाकडे सांगण्यासारखं भरपूर आहे. त्याला ते सांगू दिलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने ते लिहून घेतलं पाहिजे. आईने मागितलेली वही अशीही भरते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. कागदावर हे ताराबाईंच्या विकासवाडीच्या जवळ जातं. प्रत्यक्षात अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आणि पहिलीचा वर्ग शालेय शिक्षण विभागाकडे आहे. कित्येक गावांत दोन्ही एकाच आवारात, मधे एक भिंत. ताईने तीन वर्षं पाहिलेलं मूल जूनमध्ये त्या भिंतीपलीकडे जातं, तेव्हा त्याच्याबरोबर जन्मतारीख आणि वजनाचे आकडे जातात. त्याला कशाची भीती वाटते, ते कुठल्या गोष्टी पुन्हा पुन्हा मागतं, दाणे कसे लावतं, हे ताईला ठाऊक असतं, पण तिला ते कुणी विचारत नाही. मेअखेरीस एक दिवस ताई, पहिलीच्या बाई आणि त्या मुलांच्या आया शाळेच्या व्हरांड्यात एकत्र बसल्या, तर त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. आयांनी त्या दिवशी वह्याही आणाव्यात.