आधी काम दाखवा

अकरावी प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जात दहा महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरता येतात. 2025 पासून ही केंद्रीय पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली, त्यामुळे गडचिरोलीतली मुलगीही आता मुंबईतल्या मुलीसारखेच रकाने भरते. महाविद्यालयासाठी दहा पर्याय आहेत. पण खरा निर्णय शाखेचा असतो. तो घेताना पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाताशी काय असतं? टक्केवारी, मित्र कुठे चाललेत ती बातमी, आणि ‘सायन्स घे, पुढे काहीही करता येतं’ हा घरचा सल्ला.

या सल्ल्याची टर उडवायची आपल्याकडे पद्धत आहे. मला तो खुळेपणाचा वाटत नाही. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्याला बी.ए., बी.कॉम., कायदा असं कुठेही वळता येतं. कला शाखेतल्या मुलीला मात्र बारावीनंतर इंजिनिअरिंग करावंसं वाटलं, तर भौतिकशास्त्र आणि गणित आडवं येतं. वाहतूक अशी एकेरी असेल, तर शहाणा पालक मुलाला ज्या टोकावरून निघता येतं तिथेच उभं करणार. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधल्या या भिंती पाडण्याचं वचन दिलं आहे. त्या पडेपर्यंत पालकांना दोष देण्यात अर्थ नाही.

दोष द्यायचाच तर तो ‘मार्गदर्शन’ या नावाने जे चालतं त्याला द्यावा. त्याचे दोन ठळक प्रकार दिसतात. एक, निकालाच्या सुमारास सभागृहात होणारं व्याख्यान. त्याच्या मागच्या फलकावर खासगी क्लासचं नाव असलं, तर वक्ता काय सांगणार हे आधीच कळतं. दुसरा प्रकार चाचणीचा. महाराष्ट्रात 2016 साली दहावीच्या विद्यार्थ्यांची सरसकट कलचाचणी सुरू झाली. कृषी, वाणिज्य, कला, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, हे ती सांगू पाहत होती. पुढे ती बंद पडली. हेतू चांगला होता, पण अडचण मुळातच होती. जे कधी चाखलंच नाही त्याची आवड-निवड विचारली, तर मूल ऐकीव उत्तरच देणार.

मुलांनी कामं पाहिलेली असतात, पण कोणती? डॉक्टरच्या मुलीने दवाखाना आतून पाहिलेला असतो. शेतमजुराच्या मुलाने मजुरी पाहिलेली असते, आणि पगार घेणारी माणसं म्हणून शिक्षक, तलाठी, कंडक्टर आणि पोलीस. ग्रामीण भागातली पोरं पोलीसभरती आणि एमपीएससीच्याच मागे का लागतात, यावर शहरात बसून बरीच चिंता व्यक्त होते. त्यांची कल्पनाशक्ती तोकडी आहे असं त्यात गृहीत असतं. खरं तर ती मुलं डोळ्यांसमोर असलेल्या बऱ्या नोकऱ्यांपैकी सर्वांत बरी निवडत असतात. भूजलतज्ज्ञ, रक्त तपासणारा तंत्रज्ञ, नकाशे तयार करणारा माणूस त्यांना भेटलेलाच नसतो.

म्हणून मला पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले अन्नतंत्रज्ञ. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून त्यांनी 1983 साली या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय आठवी ते दहावीच्या वर्गांत शिकवला जातो. आठवड्यातला एक दिवस हातकामाचा: वेल्डिंग, वायरिंग, शेती आणि पशुपालन, आहार आणि आरोग्य. शिकवणारे बहुधा त्याच भागातले कारागीर. मुलींनी वेल्डिंग करायचं, मुलांनी स्वयंपाक. यातून वर्गच्या वर्ग वेल्डर व्हावा अशी अपेक्षा नाही. पण लोखंड जोडताना आपला हात रमतो की कंटाळतो हे मुलाला चौदाव्या वर्षी कळतं, आणि ते कुठल्याही चाचणीच्या अहवालापेक्षा पक्कं असतं.

हातकाम म्हटलं की एक रास्त भीती डोकं वर काढते. 1953 साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेचा वेळ जवळपास अर्ध्यावर आणला आणि उरलेल्या वेळात मुलांनी आईबापाचा धंदा शिकावा अशी योजना काढली. न्हाव्याच्या पोराने न्हावीकाम शिकावं, असाच तिचा अर्थ होत होता. द्रविड चळवळीने तिला जातिशिक्षण ठरवून रान उठवलं. 1954 मध्ये राजाजींना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं आणि कामराजांच्या सरकारने योजना मोडीत काढली. ते योग्यच झालं. त्याच्या कितीतरी आधी, 1882 मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे शेतीचं ज्ञान अभ्यासक्रमात मागितलं होतं. पण लिहिणं, वाचणं आणि हिशेब यांच्या जोडीला, त्यांच्या बदली नव्हे.

राजाजींच्या फसलेल्या योजनेतून उलटा नियम काढता येतो: मुलाला दुसऱ्याच्या बापाचा धंदा दाखवा. सुताराच्या मुलीला सीएच्या कार्यालयात बसवा आणि सीएच्या मुलाला सुताराच्या कारखान्यात. नव्या धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. मात्र उदाहरणांच्या यादीत सुतार, माळी, कुंभार आणि कलावंत आहेत; सनदी लेखापाल किंवा पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा नाही. यादी करणाऱ्यांच्या घरी कोणती कामं होतात, हे त्यावरून ओळखता येईल.

नुसतं दाखवूनही भागत नाही. आवड कळल्यावर पुढचा प्रश्न वाटेचा, पैशाचा आणि एसटीचा असतो. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क 2024 पासून पूर्ण माफ आहे. शाळेच्या दर्शनी फळ्यावर सुविचाराऐवजी हे लिहिलं तर एखादीचं लग्न दोन-चार वर्षं पुढे जाईल.

वाचकांपैकी ज्यांचं स्वतःचं वर्कशॉप, छापखाना, दवाखाना, नर्सरी किंवा कार्यालय आहे, त्यांनी जवळच्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावं आणि नववीची दोन मुलं आठवडाभरासाठी मागावीत. फुकटचे हात म्हणून राबवायला नको. बघायला, विचारायला, थोडं करून पाहायला. आणि शक्यतो अशी मुलं मागावीत, ज्यांच्या घरात तुमचा व्यवसाय आजवर कुणीही केलेला नाही.