स्वस्त कांद्याचे पैसे कुणी भरले?

आमच्या पनवेलवरून न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर रोज दिसतात. नाशिककडचा कांदा त्यातून दुबई-मलेशियाला जातो. ८ डिसेंबर २०२३ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावचे भाव काही दिवसांतच कोसळले. उरण नाक्यावर कांदा स्वस्त झाला आणि मी खुशीत पाच किलो घेतला. दुबईतली बहीण मात्र फोनवर महागाईचं रडगाणं गात होती. कांदा तोच, भाव दोन.

पुस्तकी अर्थशास्त्र म्हणतं, माल मोकळेपणानं फिरला की स्वस्ताईकडून महागाईकडे वाहतो, आणि शेवटी वाहतूकखर्चाएवढाच फरक उरतो. प्रत्यक्षात मध्ये नासाडी येते, कर येतात, बंदी येते. शिवाय ताटातल्या भाजीत गाळ्याचं भाडं आणि आचाऱ्याची मजुरीही असते. ती कंटेनरमध्ये भरता येत नाही.

पण भाव सारखे होणं न्याय्य तरी आहे का? भाव सारखा झाला म्हणून खिसे सारखे होत नाहीत. दुबईचा भाव इथे आला, तर आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी कांदा घेणारच नाहीत. म्हणून भिंत घालण्यात मला सरसकट अन्याय दिसत नाही.

मात्र २०२२च्या एप्रिलअखेर इंडोनेशियानं हेच केलं. आपल्या लोकांना तेल स्वस्त मिळावं म्हणून पामतेलाची निर्यात जवळपास महिनाभर थांबवली. युक्रेन युद्धामुळे इथे तेल आधीच कडाडलं होतं. तेव्हा मला तो स्वार्थ वाटला होता. आपल्या कांद्याच्या वेळी तोच शहाणपणा कसा वाटला?

खरी गोम पुढे आहे. निफाडचा शेतकरी फोडणीचं तेल जगाच्या भावानं घेतो, आणि त्याचा कांदा मात्र बंद दाराआडच्या भावानं जातो. माझ्या पाच किलोंवरची सवलत सरकारनं दिली नव्हती. ती त्याच्याकडून, त्याला न विचारता घेतली होती. आणि ती मावशींएवढीच मलाही मिळाली, गरज नसताना.

४ मे २०२४ला बंदी उठली, तीही टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. गरिबाला कांदा स्वस्त द्यायचाच, तर सरकारनं तो बाजारभावानं घ्यावा आणि तोटा सगळ्यांच्या करातून भरावा. मग त्यात माझाही वाटा असेल. दया करायची, तर ती दुसऱ्याच्या खिशातून करू नये, एवढंच.