न समजण्याची तयारी

लहान मुलांना इंग्रजी शिकवायला परदेशी जायचं म्हटलं की पहिली गाठ पडते ती कागदांशी. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्य सरकारचा शिक्का हवा, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं साक्षांकन. भारत या अपोस्टिलच्या हेग करारात 2005 साली आला, त्यामुळे करारातल्या देशांपुरतं काम तेवढ्यावर भागतं. बाकीच्या देशांसाठी वकिलातीत आणखी एक चक्कर. पोलिसांचा दाखला. टेफलचा, म्हणजे परक्यांना इंग्रजी शिकवण्याचा, 120 तासांचा अभ्यासक्रम, कारण बऱ्याच ठिकाणी तेवढेच तास मागतात. इंग्रजीची परीक्षा म्हणून कुठे टोइक, कुठे आयईएलटीएस. पालघरजवळच्या आमच्या माहीममधल्या एका पानवाडीवाल्याची लेक सध्या या चक्रात आहे. वडील वेलींना पाणी सोडून मोकळे होईपर्यंत ही पालघर स्टेशनच्या रिक्षात बसलेली असते. फाईल चांगलीच जाड झाली आहे.

आईची काळजी जेवणाची. लेकीची काळजी उच्चारांची. मराठी शाळेत शिकलेली, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही एकाच ओठांतून बाहेर येतात. तिथल्या शाळांना चालेल का? ही शंका तिच्या डोक्यात आपोआप आलेली नाही, बाजारानं घातलेली आहे. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-2 व्हिसा वर्षानुवर्षं सात देशांच्या नागरिकांसाठीच राखलेला होता: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीयांसाठी त्यात फट पडली ती व्यापारामुळे. 1 जानेवारी 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात शिक्षकी पात्रता असलेल्या भारतीय पदवीधराला तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची वाट मिळाली. आयात शुल्काच्या लांबलचक तक्त्यांबरोबर इंग्रजीचा मास्तरही करारात जाऊन बसला, याची मला अजून गंमत वाटते.

माणूस कुठला, हे पासपोर्टवरून कळतं. शिकताना तो कुठे अडखळला होता, हे कळत नाही, आणि मुलांना शिकवायचं तर तेच कळायला हवं. आईच्या दुधाबरोबर इंग्रजी आलेल्याला ‘डू’ आणि ‘डझ’ यांत घोटाळा का होतो, हे सांगून समजवावं लागतं. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी पाचवीत एबीसीडी. ही मुलगी पहिलीवाल्या पिढीतली, तिच्या बाई मात्र पाचवीवाल्या. म्हणजे एक जण अडखळत शिकलेली आणि दुसरी अडखळलेल्या माणसाकडून शिकलेली. थायलंडमधल्या मुलाला ‘बस’मधला शेवटचा ‘स’ जड जातो, तिथे ‘त’ येतो. कोरियन मुलाची ‘कॉफी’ ‘कॉपी’ होते. ज्या घरात आजी जन्मभर ‘ठेसन’च म्हणाली, त्या घरातली मुलगी याला हसणार नाही. ही पात्रता कुठल्या अर्जात लिहायची, तेवढं मात्र ठाऊक नाही.

पण खरी परीक्षा उच्चारांची नसतेच. पहिल्या काही आठवड्यांत वर्ग गप्प असतो. परकी भाषा कानावर पडू लागली की बरीचशी मुलं सुरुवातीला बोलत नाहीत. ऐकतात, बघतात, शेजारचा काय करतो ते पाहून तसंच करतात. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या जेम्स अ‍ॅशर या मानसशास्त्रज्ञानं यावरच आपली पद्धत उभी केली: आधी शिक्षकानं सांगायचं, मुलांनी हात-पाय हलवून उत्तर द्यायचं, बोलण्याची घाई नाही. नव्या शिक्षकाला मात्र ही शांतता सहन होत नाही. तो आवाज चढवतो. तेवढ्यानं भागलं नाही तर तेच वाक्य पुन्हा, आणखी मोठ्यानं. जे मूल ‘सिट डाउन’ समजलेलं नाही, त्याला ते ओरडून सांगितल्यानं समजेल, हा समज जगभरातल्या शिक्षकांत सारखाच आढळतो.

ही शांतता सोसायला शिकवणारी शाळा आमच्याच जिल्ह्यात होऊन गेली, आणि तिथे इंग्रजीचा संबंध नव्हता. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई मूळच्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. समोर वारली पाड्यांतली मुलं. पुस्तकातली मराठी त्या मुलांना परकीच. एकमेकांची तोंडं बघत बसण्याचे दिवस तिथे आले नसतील, असं मला तरी वाटत नाही. मुलं शाळेत येत नव्हती, कारण धाकटं भावंड सांभाळायचं असे, नाहीतर गुरं राखायची असत. तेव्हा शाळाच पाड्यावर गेली. गुराख्यांसाठी कुरणातही भरली. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं. बाई मुलांच्या अंगणात परकी म्हणून गेल्या, आणि आपलं परकेपण त्यांनी मुलांच्या माथी मारलं नाही. टेफलच्या 120 तासांत हा धडा कितपत असतो कोण जाणे.

म्हणून तो धडा गिरवायला मी त्या मुलीला बोईसरला जायला सुचवलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमुळे तिथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली कुटुंबं आहेत, आणि त्यांची काही मुलं मराठी शाळेत पहिलीत बसतात. घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी, फळ्यावर मराठी. एका शिक्षिकेच्या ओळखीनं ती आता शनिवारी तिथे जाते. हिंदी वापरायची नाही, असं तिनं स्वतःच ठरवलं. नाहीतर सराव कसला? पहिल्या दिवशी परत आली ती वैतागून. तासभर बोलले, म्हणाली, आणि एक पोरगं फक्त माझ्या बांगड्यांकडे बघत होतं. मी म्हटलं, मग बांगड्यांपासून सुरू कर. मोज, रंग सांग, काढून लपव.

तिची आई, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, “अहो, तिला परदेशी पाठवायची की बोईसरला?” प्रश्न रास्त होता. विमानाच्या तिकिटाआधी लोकलचं तिकीट काढलेलं स्वस्त पडतं, एवढंच मी म्हटलं.

एक गोष्ट मात्र मी जरा कडक आवाजात सांगितली, ती एजंटबद्दल. पर्यटक व्हिसावर चला, नोकरीचा तिथे करून देऊ, असं कुणी म्हणालं की तिथूनच उठायचं. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना म्यानमारच्या म्यावाडीत नेऊन फसवणुकीच्या धंद्याला जुंपल्याचं उघड झालं, तेव्हा सप्टेंबर 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. त्या नोकऱ्या कॉम्प्युटरच्या म्हणून सांगितल्या होत्या, शिक्षकाच्या नव्हे. पण आमिषाची पाटी बदलायला कितीसा वेळ लागतो? शाळेचं नाव, पत्ता, करारपत्र, आणि इथूनच मिळालेला कामाचा व्हिसा. यातलं एकही कमी असेल तर माहीमच बरं.

बाकी तिनं पहिल्या महिन्याचा आराखडा काढला आहे. त्यात पुस्तक नाही. उभे राहा, बसा, दार लावा, लाल आणा, मोठं कुठलं, लपलंय कुठे. रोज दहा मिनिटं मुलांनी तिला त्यांच्या भाषेत एक शब्द शिकवायचा आणि ती चुकली की मनसोक्त हसायचं. “मग इंग्रजी कधी शिकवणार?” काकूंनी विचारलं. दुसऱ्या महिन्यात, ती म्हणाली, आणि पुढच्या शिक्क्यासाठी फोटोकॉपी काढायला गेली.