कंदात निजलेला जीव

एप्रिलात भंडारदऱ्याला आलेल्या माणसाला इथले डोंगर मेलेले वाटतात. विल्सन धरणाचं पाणी खोल गेलेलं असतं, रतनगडाच्या सोंडांवरचं गवत वाळून पांढुरकं पडलेलं असतं. करवंदीच्या जाळ्या आणि देवरायांतली झाडं सोडली, तर हिरवं म्हणावं असं फार थोडं उरतं. हाच माणूस भाद्रपदात आला असता तर त्याला सोनकीने पिवळी झालेली पठारं, बांधाबांधावरचा तेरडा आणि झुडपांच्या आधाराने वर चढलेली कळलावी दिसली असती. ऑक्टोबरात पाऊस थांबतो तो रोहिणी-मृगापर्यंत तोंड दाखवत नाही. त्या सात-आठ महिन्यांत ही फुलझाडं कुठे असतात, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा. ती त्या काळात जिवंत म्हणायची का, आणि जिवंत असतील तर त्यांच्याशी माणसाने कसं वागायचं, हा प्रश्न मात्र धर्माचा आहे, आणि तो फार जुना आहे.

कळलावी घ्या. तिच्या पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात. बुडाशी पिवळ्या, टोकाकडे लालभडक, कडा नागमोडी. पानाचं टोकच बारीक, लांब होत जातं आणि शेजारच्या फांदीला विळखा घालतं. सबंध वेल विषारी, आणि सगळ्यात जहाल तिचा कंद. आश्विन-कार्तिकात वेल पिवळी पडते, वाळते, वाऱ्याने मोडून जाते. जमिनीखाली राहतो तो वाकडा, दुबेळक्यासारखा कंद. त्याच्या एकेका बाजूच्या टोकाशी एकच डोळा असतो. तो मोडला तर त्या बाजूने पुन्हा वेल फुटत नाही. सगळं झाड आवरून, मिटून त्या एवढ्याशा डोळ्याशी येऊन थांबलेलं असतं.

हीच कळलावी युरोपातल्या थंड देशांत हौसेने लावतात. तिथल्या पहिल्याच हिमात तिचा पाला काळा पडतो. तिला जगवायची तिकडची रीत अशी: शरदात पाणी हळूहळू तोडायचं, वेल आपणहून वाळू द्यायची, मग कंद अलगद उकरून कोरड्या वाळूत किंवा भुशात ठेवायचा आणि खोली गोठणार नाही एवढी ऊब राखायची. वसंतात पुन्हा माती, ऊब आणि पाणी. डेलिया आणि कर्दळीचे कंदही तिकडे असेच राखतात. या काळात कंद थंडीने मरतात त्याहून काळजीने जास्त मरतात. मालकाला राहवत नाही, तो भर हिवाळ्यात पाणी घालतो आणि कंद कुजतो. खरं तर तो माळी थंडीच्या देशात एका खोक्यात भंडारदऱ्याचा फाल्गुन-चैत्र तयार करत असतो. कळलावीला निजायचं कसं ते शिकवावं लागत नाही. सह्याद्रीच्या कोरड्या महिन्यांनी ते तिला केव्हाच शिकवलं आहे. इथे पाण्याचा दुष्काळ, तिथे उन्हाचा, एवढाच फरक.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, झाडाचाच दाखला देतो. झाडाच्या मुळावर, मध्यावर किंवा शेंड्यावर घाव घातला तर चीक गळतो, पण झाड जगतं. जीव एखादी फांदी सोडून गेला की ती फांदी वाळते, सबंध झाड सोडून गेला की सबंध झाड वाळतं. जीव निघून गेलेलं शरीर मरतं, जीव मरत नाही, असं तो मुलाला समजावतो. आता कळलावीला हे लावून पाहावं. जीव एकेक फांदी सोडत गेला, पान सोडलं, खोड सोडलं, डोळ्याला दिसणारं सगळं वाळलं. तरी झाड गेलेलं नाही. वाळणं म्हणजे जीवाचं निघून जाणं, हे उद्दालकाने सांगितलं. पण जीव निघून न जाता नुसता आत सरकू शकतो, हे सह्याद्रीतली एक वेल दाखवते. बघणाऱ्याला वरून दोन्ही सारखंच दिसतं. खरी अडचण इथे आहे.

ही अडचण मराठी माणसाच्या धर्माने एका ठिकाणी फार चांगली सोडवली आहे, आणि ते ठिकाण म्हणजे चातुर्मास. आषाढी एकादशीला देव निजतो, कार्तिकीला उठतो. या चार महिन्यांत देव नाही असं कुणी म्हणत नाही. उलट नेम, व्रतं, पोथ्या, सगळं याच काळात वाढतं. निजलेला देव हा गेलेला देव नव्हे, हे घराघरात गृहीत धरलेलं असतं. भंडारदऱ्यात हेच उलट्या क्रमाने घडतं. देव निजतो तेव्हा डोंगर जागा होतो. आषाढात कोंब वर आलेले असतात, श्रावण-भाद्रपदात फुलं. आणि कार्तिकीला देव उठतो तेव्हा कंदात जीव निजायला लागलेला असतो. देवाच्या निजेपुढे हात जोडणाऱ्याने डोंगराची नीज मात्र मरण समजावी, हे पटत नाही.

देवळात शेजारती होते, मग दार लोटलं जातं. काकड्यापर्यंत देवाला कुणी हाक मारत नाही, नैवेद्य पुढे करत नाही. हीसुद्धा सेवाच आहे, आणि ती अवघड आहे, कारण तिच्यात करण्यासारखं काही नसतं. हिवाळ्यात कोरड्या कंदावर पाणी न घालणारा माळी हीच सेवा करतो.

पण इथे एक आक्षेप निघतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. मरायला आलेलं धरून ठेवण्याचा एवढा आटापिटा कशाला? वैराग्य शिकवणाऱ्या परंपरेत ही आसक्तीच नव्हे का? या आक्षेपाचं उत्तर भंडारदऱ्यापासून लांब नाही. त्याच अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगड आहे आणि तिथल्या शिलालेखात चांगदेवांचं नाव आहे. योगबळाने काळाला चकवत चांगदेव चौदाशे वर्षं जगले, अशी कथा सांगतात. त्यांनी ज्ञानदेवांना पाठवलेलं पत्र कोरं निघालं. इतकं जगून हा योगी कोराच राहिला, असं मुक्ताबाईंनी त्यावर सुनावलं, आणि ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या. ‘चांगदेव पासष्टी’ ती हीच. रतनगडाच्या कुशीतून निघालेली प्रवरा पुढे ज्या नेवाशाला जाते, तिथे 1290 साली ज्ञानेश्वरी सांगून झाली होती. त्या भावंडांना चांगदेवांचं दीर्घायुष्य खुपलं नव्हतं, त्यातलं रितेपण खुपलं होतं.

कळलावीचा कंद चांगदेवांसारखा नाही. पावसाळ्यात वेल वाढते ती जुन्या कंदातल्या साठ्यावर. वेल वर चढत जाते तसा तो कंद सुरकुततो, पोकळ होतो आणि त्याच्या जागी नवा कंद धरतो. यंदा जो कंद उन्हाळा काढतो तो पुढच्या दिवाळीला नसतो. म्हणजे इथे जीव साठवून ठेवलेला नाही; तो दर वर्षी सगळाच्या सगळा खर्चून पुढच्याच्या हाती दिलेला आहे. असं राखणं आसक्तीत मोडत नाही. माळीसुद्धा शरदात वेल, पानं, फुलं सगळं जाऊ देतो. जे सोडायचं ते सोडता आलं म्हणूनच त्याला कंद राखता येतो.

तुळशीला ही सोय नाही. तिला कंद नसतो, त्यामुळे निजणं नसतं. टोरांटो-शिकागोकडच्या मराठी घरांत ऑक्टोबर लागता लागता तुळशीची कुंडी अंगणातून आत येते, कारण हिमाची एक रात्र तिला पुरेशी असते. दक्षिणेकडच्या खिडकीत तिला जागा मिळते, काही घरांत वर दिवाही लावतात. नोव्हेंबरात तुळशीचं लग्न दिवाणखान्यातच लागतं. पुढे उन्हाअभावी ती उंच, किडकिडीत होते, पानं गाळते, आणि पुष्कळदा फेब्रुवारी-मार्चपर्यंत जाते. मग जपून ठेवलेल्या मंजिऱ्यांचं बी पेरायचं. ज्या घरात ती रोज पूजेची, तिथे हे जाणं साधं नसतं. आपल्या हातून गेली, हा सल राहतो. आणि नवं रोप आलं की मनात येतं: ही तीच का?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला आंब्याचं उदाहरण देतो. आंबे चोरलेला माणूस म्हणाला, मालकाने पेरला तो आंबा वेगळा, मी नेले ते वेगळे, तर तो सुटेल का? राजा म्हणतो, सुटणार नाही. कारण हे आंबे त्याच आंब्यामुळे आले. अगदी तेच नव्हे, पण तुटून वेगळंही नव्हे. भंडारदऱ्याचा तेरडा असाच आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, आणि झाड तरी एका पावसाळ्याचंच. मागे कंद नाही, मूळ नाही. पिकलेली बोंडी बोट लागताच फुटते आणि बी उडून मातीत पडतं, तेवढंच. तरीही ज्या घरांत तेरड्याची गौर आणतात, तिथे दर भाद्रपदात गौर माहेरी आली असंच म्हणतात. नवी कुणी आली, असं कुणी म्हणत नाही. मंजिरीतून उगवलेल्या तुळशीकडेही त्याच डोळ्यांनी पाहावं. अंगणातली तुळस हिवाळ्यात गेली तर तो दोष नव्हे. बी जपलं असेल तर व्रत मोडलेलं नाही.

हा विचार भंडारदऱ्याच्या उन्हाळ्यात कुणी मनावर घेतला तर फार बरं होईल. वाळलेलं गवत म्हणजे मेलेलं रान, असं समजून काडी लावली जाते. पुढच्या साली गवत जोमाने येतं, ही समजूत आहेच. शिवाय फेकलेल्या विडीने, न विझवलेल्या चुलीनेही वणवा लागतो. खोल गेलेले कंद त्यातून वाचतात. वरच्या थरातलं बी, उथळ कंद आणि मातीत वाढणाऱ्या काजव्यांच्या अळ्या यांना ती सवलत नसते. मे अखेरीस तेच काजवे पाहायला घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडीकडे गाड्यांची रीघ लागते. नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या ओलाव्याने कंदांचे डोळे जागे होत असतात, आणि अंधारात वाट सोडून चालणाऱ्याच्या पायाखाली काय मोडतं ते त्याला कळत नाही. कंदीलपुष्पांसारखी दुर्मीळ फुलं या सह्याद्रीत कंदाच्याच आधाराने टिकून आहेत. त्यांचा एक कंद कुणी घरच्या कुंडीसाठी उकरून नेला, तर त्या उतारावरचं ते झाड कायमचं जातं.

म्हणून उन्हाळ्यात भंडारदऱ्याला जाणाऱ्यांनी पायवाट सोडू नये, रानात चूल पेटवू नये, काजव्यांच्या झाडाखाली गाडीचे दिवे बंद ठेवावेत आणि कुठलाही कंद उकरू नये. कुठे धूर दिसला तर गावात किंवा वनखात्याच्या चौकीवर लगेच सांगावं.