पंख्याची हवा आणि चिमणीचा धूर

सोलापूरचा उन्हाळा काही नवा नव्हे. वैशाखात पारा चाळिसाच्या वर चढावा आणि भर दुपारी रस्ते ओस पडावेत, हे आमच्या पूर्वजांनीही अनुभवले. मात्र जी उष्णता पूर्वी केवळ ऋतूची होती, तीत आता मनुष्य स्वहस्ते भर घालीत आहे. जेथे मनुष्याचा हात असतो तेथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. सूर्याला कोणी जाब विचारीत नाही. मनुष्याला तो विचारावाच लागतो.

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते; आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. या वाढीचे मुख्य कारण कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांचे ज्वलन. त्याची किंमत शरीर मोजते. उष्म्यात त्वचेकडे अधिक रक्त धाडताना हृदय शिणते, घामाने पाणी घटले की मूत्रपिंडांवर ताण पडतो, आणि रात्रही तापलेली राहिली तर शरीराला विसावा मिळत नाही. धुरातील अतिसूक्ष्म कण तर फुप्फुसांतून रक्तात उतरतात. दमा, हृदयविकार व पक्षाघात यांना ते निमंत्रण देतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या शहरांत सोलापूरचेही नाव आहे.

आता खरा पेच पाहू. पत्र्याच्या घरात, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी माउली डोळ्यांसमोर आणावी. तिच्या डोक्यावरचा पंखा ही चैन नव्हे. तिचे आरोग्य त्यावर अवलंबून आहे. परंतु देशातील बहुतांश वीज कोळशापासूनच निर्माण होते. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीजवळ १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. त्याचे दोन संच २०१७ व २०१९ साली सेवेत आले. म्हणजे जी वीज तिला उष्म्यापासून वाचविते, तिच्याच निर्मितीतून उद्याचा उष्मा वाढतो. मग वीज वापरणारे आपण सारेच दोषी ठरतो काय?

संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारांतून नीतिशास्त्रात एक तत्त्व विकसित झाले आहे. एकाच कृतीतून चांगला व वाईट असे दोन परिणाम घडत असतील, तर ती कृती मुळात निर्दोष असावी, वाईट परिणाम हेतू नसावा, त्या वाईटाच्या द्वारे चांगले साधलेले नसावे, आणि चांगल्याचे पारडे पुरेसे जड असावे. यातूनच आणखी एक कर्तव्य निघते: अपाय टाळता येत असेल तितका टाळलाच पाहिजे.

या कसोटीवर माउलीचा पंखा निर्दोष ठरतो. परंतु तिच्या गरजेची ढाल पुढे करून आपल्या उधळपट्टीचे समर्थन करता येत नाही. रिकाम्या खोलीतील दिवे, चार पावलांसाठी काढलेली मोटार, मांडवातील रात्रभराची रोषणाई यांच्या पारड्यात कोणते चांगले ठेवावे? ‘नाइलाज आहे’ हे उत्तरही दिवसेंदिवस लटके पडत आहे. जे ऊन आपल्याला भाजते, तेच छपरावर वीज देऊ शकते. २०२४ साली घरांवरील सौरसंचांसाठी केंद्र शासनाने अनुदानाची नवी योजनाही सुरू केली. उलट, औष्णिक प्रकल्पांच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडवर २०१५ साली घातलेल्या मर्यादांची मुदत पुनःपुन्हा वाढविली गेली आणि २०२५ साली बहुसंख्य प्रकल्पांना त्यातून सूट मिळाली. इलाज हाताशी असताना तो लांबणीवर टाकणे याला नाइलाज म्हणता येत नाही.

शिवाय, या तराजूची दोन पारडी एकाच घरात नाहीत. वातानुकूलित खोलीतील गारवा एकाला लाभतो, धूर व झळा दुसऱ्याच्या वाट्याला येतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीचा आणि दरिद्र्यांचा आक्रोश वेगळा मानला नाही, तो याच कारणाने.

म्हणून, वाचकहो, सर्वांनीच सारखा त्याग करावा असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्यापाशी अधिक आहे त्याने प्रथम आवरते घ्यावे, आणि ज्याच्यापाशी पंखाच नाही त्याला तो आधी मिळावा. विजेचे बिल भरले की शासनाचे देणे फिटते. शेजाऱ्याच्या श्वासाचे देणे मात्र शिल्लकच राहते.