पावतीवर नसलेले चार लाख

करंजाड्यात वन बीएचके बुक करायला गेलो, तेव्हा बिल्डरच्या माणसाने कॅल्क्युलेटरवर दोन आकडे दाखवले. एक चेकने, दुसरा रोख. 'सगळेच चेकने दिले तर?' मी विचारलं. 'द्या की. मग स्टॅम्प ड्युटीही सगळ्यावर भरा.' मी तिथेच मोबाइलवर हिशोब केला आणि गप्प बसलो. बाबांनी गावची जमीन विकताना जी रोख घेतली होती, त्यातले चार लाख आम्ही दिले.

पुढे होम लोन मंजूर झालं नाही. करार नोंदवण्याआधीच व्यवहार रद्द झाला. चेकचे पैसे परत आले. रोखीचं विचारलं तर उत्तर आलं, 'कसली रोख?'

वकील म्हणाले, 'केस करता येईल. पण पैसे कुठून आले आणि पावतीवर का नाहीत, हे आधी कोर्टाला सांगावं लागेल. सांगाल?' पनवेलहून परत येताना रिक्षात मी आणि बाबा एक शब्द बोललो नाही.

मग मी वाचायला लागलो. 1725 साली इंग्लंडमध्ये दोन दरोडेखोरांचं लुटीच्या वाटणीवरून भांडण झालं आणि एकाने चक्क कोर्टात दावा लावला. अर्जात लुटीचं नाव नाही, नुसती 'भागीदारी'. कोर्टाने दावा फेटाळला, वर वकिलांना दंड केला. 1775 मध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी यामागचं तत्त्व मांडलं. दोघेही सारखेच दोषी असतील तर कोर्ट मदत करत नाही. यात प्रतिवादीचा फायदा होतो खरा, पण नकार त्याच्या भल्यासाठी नसतो. असल्या दाव्याला कोर्टाला हातच लावायचा नसतो.

आपल्याकडे 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असंच काहीसं म्हटलं. हिशोबात न दाखवलेली रोख उसनी दिली असेल, तर ती वसूल करायला चेक बाउन्सचा कायदा वापरता येणार नाही.

मला राग आला. कोर्ट बाजूला झालं की पैसे ज्याच्या खिशात आहेत त्याचेच राहतात. ही कसली तटस्थता? पण उलटा विचार केला. कोर्ट असे पैसे सहज मिळवून देऊ लागलं, तर प्रत्येक काळ्या व्यवहाराला सरकारी गॅरंटीच मिळेल.

शिवाय नियमातला 'सारखेच' हा शब्द महत्त्वाचा आहे. 1882 च्या भारतीय न्यास कायद्याचं कलम 84 सांगतं की बेकायदा हेतूने मालमत्ता दिली, पण तो हेतू तडीस गेला नाही, किंवा देणारा घेणाऱ्याइतका दोषी नसेल, तर घेणाऱ्याने ती देणाऱ्याच्या हितासाठीच सांभाळायची. 2018 पासून लाच देणं हा सरळ गुन्हा आहे, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं, तर देणारा सुटतो. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की वीस हजारांवरची रोख दिली म्हणून कर्जच बेकायदा ठरत नाही, कराचा दंड वेगळा.

म्हणजे दार पूर्ण बंद नव्हतं. आमचा तर करारही नोंदवला गेला नव्हता. पण आत जायचं तर खरं बोलावं लागणार होतं. माझ्यावर जबरदस्ती झाली होती का? नाही. मी हिशोब केला होता. आणि बाबांची जमीन? तो व्यवहारही उघडा करावा लागला असता. कोर्टाने आम्हाला नकार दिलाच नाही, आम्ही विचारायलाच गेलो नाही. बिल्डरला कायदा किती माहीत होता कोण जाणे, आम्ही गप्प बसणार हे मात्र त्याला पक्कं माहीत होतं.

बाबा म्हणतात, 'जाऊ दे, ते आपले नव्हतेच.' मला हे पटत नाही. ते त्याचेही नव्हते.

यंदा करंजाड्यातच दुसरा फ्लॅट घेतला. सगळी रक्कम कागदावर, त्यामुळे ईएमआय जड जातोय. हा प्रामाणिकपणा आहे की पोळल्याची भीती, ते अजून ठरवता आलेलं नाही.